दुसरी आवळणी

मोसेसीला माणसं चेहऱ्यापेक्षा क्लचवरून जास्त ओळखू येत. शेडमध्ये पाठमोरा बसलेला असला आणि बाहेरून गाडी गेली, की मान न वळवता तो सांगे, "जेपिटी. पट्टा झिजलाय, सांगून दमलो." किंवा, "एलिसापी. हिला गाडी तापायच्या आधीच पळवायची असते." गाडी म्हणजे अर्थात स्नोमोबाइल. आमच्या उत्तर कॅनडातल्या बाफिन बेटाच्या किनाऱ्यावर दुसरी गाडी म्हणजे घरोघरी पाणी टाकणारा ट्रक, आणि तो पळत नाही.

शेड त्याने स्वतः बांधलेली. उन्हाळ्यात जहाजातून सामान येतं, त्या खोक्यांच्या फळ्यांची. एका फळीवर 'ही बाजू वर' असं छापलेलं आहे आणि ती फळी उलटी ठोकलेली आहे. कुणी दाखवून दिलं की मोसेसी म्हणे, "शेड उभी आहे ना? मग तुम्ही उलटे उभे राहा." आत एक तेलाची शेगडी, एक बाक, भिंतीवर पाने, आणि सगळ्या पान्यांच्या मधोमध सीलच्या कातड्याच्या पिशवीत टांगलेला एक लांब दांड्याचा पाना. ती पिशवी त्याच्या बायकोने शिवलेली. त्या पान्याला दुसरं कुणी हात लावत नसे.

क्लचचं असं असतं. इंजिनाच्या शाफ्टवर तो बसवायचा, मधून लांब बोल्ट घालायचा आणि त्या पान्याने ओढायचं. ठरलेला जोर लागला की पाना 'टक' करतो, तिथे थांबायचं. पण गाडी पळून तापली की क्लच शाफ्टवर आणखी केसभर आत सरकतो आणि घट्ट केलेला बोल्ट सैल पडतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर तो पुन्हा एकदा आवळायचा. हे खरं आहे, यात मोसेसीने पदरचं काही घातलेलं नाही. पदरचं घातलं ते एवढंच, की हे काम आपल्याशिवाय कुणाला जमत नाही असं त्याने सगळ्या वस्तीला पटवून दिलं.

"पहिली आवळणी कुणीही करेल," तो सांगे. "दुसरीला हात लागतो."

तेव्हा ज्याचा क्लच खोलून झाला असेल तो गोठलेल्या खाडीवर एक फेरी मारून मुकाट्याने परत येई. खरं काम चहा उकळायच्या आत संपण्यासारखं. मोसेसीच्या शेडमध्ये त्याला अर्धा दिवस लागे. आधी चहा. मग जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेल्या माशाचे तुकडे. मग तव्यावरची जाड रोटी, जी खालून करपलेली आणि आतून कच्ची असे. मग कुणाच्या घरी काय चाललंय ते. आणि आलेला माणूस कंटाळून उठायच्या बेतात आला की मोसेसी पिशवीतून पाना काढी, 'टक' करी, आणि नेलपॉलिशच्या बाटलीतला इवलासा ब्रश घेऊन बोल्टच्या डोक्यावरून क्लचवर एक लाल रेघ ओढी. बोल्ट फिरला की रेघ तुटते. रेघ सरळ म्हणजे बोल्ट जागेवर.

ही नेलपॉलिश तो दर हिवाळ्यात दुकानातून आणी. गल्ल्यावरची लीतिया दर वेळी विचारी, "कुणासाठी हो, मोसेसी?"

"बायकोसाठी," तो म्हणे, आणि दोघंही हसत.

बायको वारली त्याला आता एक तरणाताठा माणूस तयार होईल एवढी वर्षं झाली होती. तो माणूस तयार झालेलाही होता.

तिचं नाव तागालिक. तिला विमानाने दक्षिणेला दवाखान्यात नेलं आणि पेटीतून परत आणलं. त्या वर्षी समुद्र गोठायच्या सुमारास तिच्या धाकट्या बहिणीला, एलिसापीला, मुलगा झाला आणि एलिसापीने त्याचं नाव तागालिक ठेवलं. आमच्याकडे नावाला बाई-बुवा नसतं, आणि नाव येतं ते नात्यासकट येतं. सगळी वस्ती जाऊन बाळाचा हात हातात घेऊन आली, नव्या पाहुण्याशी ओळख करून घ्यावी तशी. मोसेसी सगळ्यांच्या शेवटी गेला. दारात उगाच बूट झटकत राहिला. मग बाळाची मूठ दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "आलीस होय."

तेव्हापासून ती त्याची बायको. म्हणजे तो. पाच वर्षांच्या बायकोने एकदा त्याच्या तोंडातली सिगरेट ओढून बर्फात टाकली आणि "वास येतो" म्हणून नाक मुरडलं. मोसेसीने सिगरेट सोडली. बायकोचं ऐकावं लागतं. पहिल्यांदा मारलेल्या सीलचा वाटा तागालिकने त्यालाच आणून दिला. एलिसापीने एक-दोनदा मोसेसीचं दुसरं लग्न जमवायचा घाट घातला होता, तर तो म्हणाला, "घरात बायको असताना? लोक काय म्हणतील?" त्या वेळी घरातली बायको नाक गळत्या अवस्थेत त्याच्या बाकाखाली बोल्ट मोजत बसली होती.

आता बायकोला दाढी होती, खांदे दाराएवढे होते, आणि ती पाण्याचा ट्रक चालवायची. एक दिवसाआड मोसेसीच्या घराची टाकी भरायची आणि नळी गुंडाळून झाली की शेडमध्ये डोकवायची. "अहो, चहा आहे का?" हे त्याच्या आठवड्याचं पंचांग होतं. एलिसापी पोटच्या पोराला 'ताई' म्हणे, कारण गेलेली तागालिक तिची थोरली बहीण. "ताई, टोपी घाल. ताई, पाय पुसून आत ये." आणि ताई ट्रकच्या खिडकीतून भसाड्या आवाजात, "हो गं बाई, हो," म्हणून ओरडे.

तर ही ताई निघाली होती. खाडीपलीकडच्या वस्तीत रुती नावाची मुलगी लहान पोरांना शिकवत होती. मागच्या वसंतातल्या खेळांत तिने तागालिकला भालाफेकीत हरवलं आणि वर त्याचा भालाही उचलून आणून दिला. माणूस यातून सावरत नाही. तिकडे त्याला ट्रकची नोकरीही मिळाली.

मोसेसीने बातमी ऐकली तेव्हा खूप हसला. "माझ्या बायकोला बायको मिळाली! ती माझी कोण लागते मग?"

"सवत तर नाही," तागालिक म्हणाला. "सून म्हणा."

"पोरगं झालं तर माझं नाव ठेवा."

"ठेवू की. आधी तुम्ही जागा रिकामी करा."

हसून झालं. मग तागालिक गेला, आणि मोसेसीने शेगडीवरचं भांडं उचललं तर त्यात दोघांचा चहा होता. तो त्याने एकट्यानेच संपवला. सवय करून ठेवलेली बरी.

निघायचा दिवस उजाडला. गाडीचा क्लच आदल्या दिवशी मोसेसीने खोलून, पुसून, परत बसवला होता. पहिली आवळणी झाली होती, या वेळी लाल रेघही आधीच ओढली होती. सकाळी तागालिक खाडीला एक फेरी मारून आला. दुसरी आवळणी तेवढी बाकी.

"अहो, लवकर," तो दारातूनच म्हणाला. "जेपिटी किनाऱ्यावर थांबलाय. टोकाजवळची बर्फातली भेग रुंदावतेय म्हणतो. आज गेलो तर गेलो. वारा फिरला की गाडीला वल्ही लावावी लागतील."

जेपिटी बर्फावरच्या वाटांचा जाणकार. तो तागालिकला पलीकडे पोचवून, टोकाला वळसा घालून डोंगरवाटेने रिकाम्या गाडीने परत येणार होता. सामान लादून त्या वाटेने जाता येत नाही.

"जेपिटी भेगेला जन्मापासून घाबरतो," मोसेसी म्हणाला.

"म्हणून तर म्हातारा होऊ शकला."

मोसेसीने झाकण उचललं. गरम रबराचा वास आला. त्याने पिशवीतून पाना काढला, बोल्टवर चढवला आणि दांड्यावर हात ठेवला. बाहेर ऊन एवढं लख्ख पडलं होतं की दाराच्या चौकटीत तागालिक नुसता काळा आकार दिसत होता, पाय बदलत उभा असलेला.

आज निघणं हुकलं तर भेग उघडेल. मग होड्या निघेपर्यंत पलीकडे जाणं नाही. विमानाने माणूस जातो. गाडी, मागच्या कामुतिकवर, म्हणजे लाकडी घसरगाडीवर, बांधलेला संसार आणि आईने दिलेलं शिवणयंत्र जात नाही, आणि गाडीशिवाय तिकडे जाऊन हा करणार काय? म्हणजे अख्खा वसंत. हंस येतील, ते निघून जातील, तोपर्यंत दिवसाआड टाकी भरली जाईल आणि दारातून कुणीतरी "अहो" म्हणेल. एवढंच. जन्मभर थांब असं कोण म्हणतंय?

मोसेसीने पाना ओढला. हळू ओढला. टक व्हायच्या आत थांबला.

"बसत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फिरतोच आहे बोल्ट. क्लच शाफ्टवर नीट बसला नाही. पुन्हा खोलावा लागेल. आज काही होत नाही, तागालिक."

तोंडातून नाव निघून गेलं. एरवी तो कधी नावाने हाक मारत नसे.

तागालिक आत आला. गाडीपाशी गुडघ्यावर बसला आणि मान वाकडी करून क्लचकडे पाहत राहिला. लाल रेघ बोल्टच्या डोक्यावरून क्लचवर गेली होती. शाळेतल्या फळ्यावर पट्टीने आखावी तशी सरळ. फिरणाऱ्या बोल्टवर अशी रेघ राहत नाही, हे वस्तीतल्या पोरासोरांना कळतं. मोसेसीनेच तर शिकवलं होतं.

तागालिकने हात पुढे केला. मोसेसीने पाना सोडला नाही. मग सोडला.

त्याने पाना नीट धरला. डावा हात क्लचला टेकवून, उजवा दांड्याच्या टोकाला, झटका न देता, जसा मोसेसी ओढी अगदी तसा. टक.

"झालं की, अहो," तो हलकेच म्हणाला.

शेगडीवरचं पाणी वाफ सोडत होतं. मोसेसी बाकावर बसला.

"तुला येतं?"

"लहानपणापासून."

"मग परत का यायचास?"

तागालिकने खांदे उडवले. पाना पुसून पिशवीत घालायला लागला, पिशवीचं तोंड बांधायला त्याला वेळ लागला. "चहा असायचा."

"आणखी कुणाला येतं?"

"काय?"

"दुसरी आवळणी. आणखी कुणाला येते?"

तागालिकने भिंतीकडे पाहिलं, त्या उलट्या फळीकडे. "आता काय सांगू तुम्हाला."

"जेपिटीला?"

"त्याच्याकडे तुमच्यापेक्षा भारी पाना आहे. दोन वर्षं झाली. मागवलाय त्याने."

"एलिसापीला?"

"आईनेच शिकवलं मला."

मोसेसी हसला. हसायचं म्हणून नाही, दुसरं काही सुचेना म्हणून. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण सगळ्या वस्तीला गंडवून चहाला बोलावतो. आणि वस्ती आपली शहाण्यासारखी गंडून घ्यायला येत होती, करपलेली रोटी खाऊन वर "मस्त झालीय" म्हणत होती.

"रोटी तरी बरी असते का रे माझी?"

"नाही हो," तागालिक म्हणाला. "भयंकर असते."

किनाऱ्यावर बरीच माणसं जमली होती. एलिसापी "ताई, ताई" करत त्याच्या कोटाच्या गुंड्या पुन्हा पुन्हा लावत होती, लावलेल्याच. प्रत्येक जण हात मिळवून गेला. मोसेसी कामुतिकच्या दोऱ्या तपासत होता. त्या जेपिटीने बांधल्या होत्या, म्हणजे तपासण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्याचीही पाळी आली.

त्याने खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून तागालिकच्या हातात ठेवली. "आतल्या खिशात ठेव. गोठते."

"रुती विचारेल कुणाची म्हणून."

"बायकोची म्हणावं."

तागालिकने बाटली आत ठेवली आणि हात पुढे केला. मोसेसीने दोन बोटं पुढे केली, पण त्या तळव्यात आता दोन बोटं हरवून जात होती. गाडी सुरू झाली. आवाज स्वच्छ होता, क्लच गुळगुळीत धरत होता. टोकापर्यंत तो आवाज मोसेसीला वेगळा ऐकू येत होता. मग जेपिटीच्या झिजलेल्या पट्ट्याचा आवाज त्यात मिसळला आणि नंतर काहीच नाही.

संध्याकाळी रेडिओवर बाहेर गेलेले लोक आपला ठावठिकाणा सांगतात आणि घराघरात तो लावलेला असतो. ऊन अजून खिडकीत होतं. मोसेसी टेबलाशी रेडिओचा माइक घेऊन बसला होता, चहा न करता.

"अहो, ऐकताय का?" खरखर झाली. "अर्ध्या वाटेवरच्या खोपटात आहोत. भेग ओलांडली."

"ताई, मोजे बदललेस का?" मधेच एलिसापी.

"बदलले गं. अहो, बोल्ट बघितला. वाटेत नवी ओढलेली रेघ सरळ आहे. उद्या पोचल्यावर परत बघतो. परवाही बघून कळवतो."

मोसेसीने माइकची कळ दाबली. तिसरी आवळणी म्हणून एक प्रकार असतो, ती दर चार दिवसांनी करून रेडिओवर कळवायची असते, असं आत्ता सांगितलं असतं तर पलीकडचा 'बरं' म्हणाला असता. इकडच्या सगळ्या घरांनीही मान डोलावली असती. हे त्याला आता ठाऊक होतं. तेच त्याला नको झालं.

"गरज नाही," तो म्हणाला. "एकदा टक झालं की झालं. तू तिकडचं बघ."

नुसती खरखर. मग, "बरं, अहो."

त्यानंतर टाकी भरायला नवा ड्रायव्हर आला. चांगला मुलगा. नळी लावली, भरली, गुंडाळली, शिट्टी वाजवत गेला. मोसेसी शेडच्या दारात उभा होता. त्या मुलाने हात हलवला, यानेही हलवला. भांड्यात चहा एकट्याचाच टाकायचा हे हाताला चार-पाच वेळा बजावावं लागलं.

जेपिटी परत आला तो थेट शेडसमोर थांबला. उन्हाने रापलेल्या तोंडावर चष्म्याचा गोरा ठसा, मिश्यांत बर्फ.

"पोचवली तुझी बायको," तो म्हणाला. "वाटेत माझा पट्टा गेला. नवा टाकताना क्लचही खोलला. दुसरी आवळणी राहिलीय बघ."

मोसेसीने त्याच्याकडे पाहिलं. जेपिटीच्या कामुतिकवर हत्यारांची पेटी बांधलेली होती आणि तिच्या फटीतून एक चकचकीत लांब दांडा बाहेर आला होता. जेपिटीलाही तो त्याच क्षणी दिसला. त्याने सहज केल्यासारखा पाय हलवून पेटीवरचं पोतं पुढे ओढलं.

"बस," मोसेसी म्हणाला. "बोल्ट राहू दे. चहा घे नुसता."

जेपिटी बसला. चहा घेतला. रोटी घेतली आणि "मस्त झालीय" म्हणाला. एरवी मधे एक उघडी गाडी असे, तिच्यात डोकं घालून हवं ते बोलता येई. आता नुसती दोन म्हातारी माणसं समोरासमोर. जेपिटीने कपात पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.

"ती फळी उलटी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

शेवटी मोसेसी उठला, पिशवीतून पाना काढला आणि बाहेर जाऊन गाडीचं झाकण उचललं. जेपिटी सुटल्यासारखा मागोमाग आला. पाना नुसता ओढायला घेतला तोच टक झालं. सैलपणाचा मागमूस नव्हता. माणसाने वाटेतच कुठेतरी व्यवस्थित आवळून घेतलं होतं.

"सैल होता का रे?" जेपिटीने विचारलं.

"जरासा."

"वाटलंच मला," जेपिटी म्हणाला आणि जोरजोरात मान हलवली.

मग रेघेसाठी बाटली आणायला मोसेसी आत वळला, त्याचा हात बाटलीच्या फळीवर गेला आणि रिकामाच परत आला. "उद्या ये," तो म्हणाला. "रेघ राहिलीय."

दुकानात दुपारी गर्दी नव्हती. त्याने लाल बाटली उचलली आणि गल्ल्यावर ठेवली. लीतियाने ती घेतली, मशीनवर धरली, पिशवीत घातली. तिने वर पाहिलं नाही. सगळ्या वस्तीसारखा तिच्या घरीही रेडिओ होता. पिशवी पुढे सरकवताना ती उगाचच म्हणाली, "आज वारा आहे नाही?"

"आहे," मोसेसी म्हणाला.

पिशवी घेऊन तो उभाच राहिला. मागे कुणी नव्हतं. लीतियाने गल्ला बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.

"बायकोसाठी," तो म्हणाला. कुणी न विचारताच.